मालकाच्या डोळ्यांवर भरवसा किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांधेदुखीवर लिहिताना मी दर महिन्याला प्रश्नावली भरण्याचा सल्ला दिला होता, त्यावर तुम्ही बरंच आणि बऱ्यापैकी रागाने लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. तुमच्या अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी तुम्ही 'लोड' हा फॉर्म भरलात, तेव्हा २४ गुण आले (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठीच्या पूरक आहाराच्या, गोळ्या सुरू केल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरलात, तर १५. डॉक्टरांनी मात्र तपासून सांगितलं की फारसा फरक नाही. तुमचा निष्कर्ष: 'हे फॉर्म म्हणजे मालकाच्या मनाचे खेळ. दुखणं एक्स-रेवर बघावं. तुम्ही लोकांची दिशाभूल करताय.'

दिशाभुलीचं नंतर बघू. मनाच्या खेळांबद्दल मात्र तुम्ही जेवढं म्हणताय त्याच्या पुढे जायला मी तयार आहे.

कॉन्झेमियस आणि इव्हान्स या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्ये अशा ५८ कुत्र्यांची माहिती तपासली, जे ऑस्टिओआर्थ्रायटिसमुळे, म्हणजे सांध्यांच्या झिजेमुळे, लंगडत होते आणि ज्यांना औषधाच्या चाचणीत औषध नव्हे, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, मिळालं होतं. कुत्रा पायावर किती भार देतो हे फोर्स प्लेटवर मोजलेलं होतं, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते ताडून बघता आलं. लंगडण्याबद्दलच्या मालकांच्या मतांत प्लासिबोचा प्रभाव, म्हणजे यंत्रात नसलेली सुधारणा दिसणं, ५६.९ टक्के वेळा आढळला. पण त्याच अभ्यासात पशुवैद्यांचाही आकडा आहे: ४० ते ४५ टक्के. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचं 'फरक नाही' हे वाक्यसुद्धा माणसाच्याच डोळ्यांनी बघून काढलेलं आहे. ते बरोबर असेलही. पण तुमचं मत तेवढं मनाचं आणि त्यांचं तेवढं यंत्राचं, अशी वाटणी करता येत नाही.

आता एक्स-रे. हाडाच्या कडेला वाढलेले काटे, सांध्याचा बिघडलेला आकार हे त्यात दिसतं. कूर्चा दिसत नाही आणि वेदना तर नाहीच नाही. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या कुत्र्यांवर २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात एक्स-रेमधल्या बिघाडाचा आणि पाय प्रत्यक्षात किती चालतो याचा मेळ बसला नव्हता. एक्स-रे भयंकर आणि कुत्रा मजेत, किंवा एक्स-रे जेमतेम आणि कुत्रा उठायला तयार नाही, हे दोन्ही प्रकार कुठल्याही डॉक्टरांना विचारा, त्यांनी पाहिलेले असतात. शिवाय वाढलेलं हाड गोळीने मागे जात नाही, त्यामुळे 'एक्स-रे तसाच आहे' यावरून उपचाराबद्दल काहीच कळत नाही. एक्स-रे काढायचा तो निदानासाठी. विशेषतः मोठ्या जातीचा कुत्रा अचानक एका पायाने लंगडायला लागला तर काढायचाच, कारण तिथे हाडाचा कॅन्सरही असू शकतो आणि कुठलाही फॉर्म तो पकडणार नाही.

मग फॉर्म काय पकडतो? दवाखान्यात न दिसणारं. तिथे अनोळखी वास असतात, शेजारी मांजर ओरडत असतं, आपला गडी उत्तेजित होऊन सरळ चालतो. घरी तोच जेवणानंतर उठताना दोनदा विचार करतो. या प्रश्नावल्या नेमकं तेच विचारतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली सीबीपीआय ११ प्रश्नांची आहे: गेल्या सात दिवसांत दुखणं सर्वांत जास्त किती होतं, सर्वांत कमी किती, आणि उठणं, चालणं, धावणं, जिना चढणं यांत त्याने किती अडवलं. शेवटचा प्रश्न एकंदर आयुष्य कसं चाललंय याचा. हेलसिंकीच्या प्रश्नावलीत खेळणं आणि मनःस्थितीही आहे. तुम्ही भरलेली लोड ही लिव्हरपूल विद्यापीठाची: १३ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ५२. तिच्या हिशोबात २१ ते ३० म्हणजे तीव्र आणि ११ ते २० म्हणजे मध्यम. (तिच्यात थंड, दमट हवेचा परिणाम विचारला आहे. तो प्रश्न लिव्हरपूलच्या हवेला शोभतो, पण मुंबईकरांनी जुलैत भरून पाहावा.)

२०१३ मध्ये या तिन्ही प्रश्नावल्या एकमेकींशी ताडल्या गेल्या आणि लोडचे गुण फोर्स प्लेटच्या मापांशीही. नातं सापडलं, पण सैल. तुमच्यासारखे टीकाकार हे हमखास पुढे करतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. फोर्स प्लेट म्हणजे सपाट, सरळ पट्टीवरची काही पावलं. गाडीत उडी मारायला कुत्रा का कचरतो हे ती सांगू शकत नाही. दोन्ही कंबरसांधे सारखेच दुखत असतील तर डाव्या-उजव्यातला फरकही फारसा दिसायचा नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. बेडिनव्हेटमॅब, म्हणजे लिब्रेला या कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या इंजेक्शनच्या चाचण्या घ्या. युरोपात २८व्या दिवशी सीबीपीआयच्या निकषावर औषधाच्या गटात ४३.५ टक्के कुत्रे 'यशस्वी' ठरले आणि प्लासिबोच्या गटात १६.९. अमेरिकेत तीच प्रश्नावली, तोच दिवस: ४७.४ आणि ३६.६. औषधाचे आकडे जवळपास सारखे, पण अमेरिकेत प्लासिबोवरचे कुत्रेसुद्धा एवढे सुधारले! प्रश्नावलीला अर्थ येतो तो शेजारी प्लासिबोचा गट असल्यामुळे. तुमच्या-माझ्या घरी एकच कुत्रा असतो. प्लासिबोचा गट आणायचा कुठून?

त्यात आणखी एक खोच. पहिला फॉर्म आपण कधी भरतो? कुत्र्याचे सर्वांत वाईट दिवस चालू असताना. सांधेदुखी चढ-उतार करतच चालते, त्यामुळे काहीही न करता पुढचे दिवस बहुधा जरा बरेच असतात. त्याचं श्रेय त्या आठवड्यात सुरू केलेल्या गोळीला मिळतं. तुमच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे, कारण ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या बाजूने पुरावा फारच लंगडा आहे. कुत्र्या-मांजरांच्या अशा पूरक आहारांचा एक मोठा आढावा २०२२ मध्ये आला, त्यात ओमेगा-३ ला अनुकूल कौल मिळाला आणि या जोडीला प्रतिकूल.

म्हणून फॉर्म फेकून द्यायचा का? मी म्हणेन, पद्धत बदला. एकूण गुणांवर समाधान मानू नका, नऊ गुण कुठल्या प्रश्नांतून गेले ते बघा. 'व्यायामाची हौस' छाप उत्तरांतून गेले असतील तर माझा विश्वास कमी. झोपून उठल्यावरचा ताठरपणा कमी झाला म्हणत असाल तर ते मोबाइलवर दिसायला हवं: तीच जागा, तीच वेळ, बाजूने घेतलेला व्हिडिओ. भरणारी व्यक्ती एकच असू द्या, आणि मागचा कागद समोर नको. शक्य असेल तर तिला गोळ्यांबद्दल माहीतच नसावं. बऱ्याच घरांत सकाळी कुत्रा फिरवायला एक मुलगा येतो, त्याला विचारा. 'आमच्या गोळ्यांनी फरक पडला का' असं नाही, 'हल्ली कोपऱ्यापर्यंत जातो की मध्येच बसतो' असं. तुमच्या घरच्या दोन-तीन खास गोष्टी वेगळ्या लिहा: गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरणं, सोफ्यावर चढणं, जिन्याच्या वळणावर थांबणं. छापील फॉर्ममध्ये त्या नसतात आणि तुमच्या कुत्र्याबद्दल त्याच जास्त बोलतात.

फिनलंडच्या एका अभ्यासाने मला विचार करायला लावलं होतं. कुत्र्याची वेदना एका रेघेवर खूण करून दाखवा असं मालकांना सांगितलं, तर सुरुवातीला त्यांना ते नीट जमलं नाही. कार्प्रोफेन हे वेदनाशामक घेताना कुत्रा कसा असतो आणि ते थांबल्यावर कसा होतो, हे पाहिल्यानंतर त्यांची खूण भरवशाची झाली. त्यांना तोवर ती वेदना दिसतच नव्हती, म्हातारपण दिसत होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. डॉक्टरांना विचारा की रक्ततपासणीत यकृत-मूत्रपिंड ठीक असेल तर कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक ठरावीक मुदतीसाठी देऊन बघता येईल का, आणि मग त्यांच्याच देखरेखीखाली थांबवून. फॉर्म तिन्ही वेळा भरा: आधी, चालू असताना, थांबल्यावर. (घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चुकूनही नको, कुत्र्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला ती महागात पडते.) ग्लुकोसामाइनचीही परीक्षा तशीच होऊ शकते, त्या गोळ्या बंद करा आणि घरात कुणाला तरी न सांगता बंद करा.

आणि त्याचं वजन कळवा. लॅब्रॅडॉर म्हटल्यावर मी ते आधी विचारायला हवं, तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही. ४८ लॅब्रॅडॉरांना पिल्लूपणापासून शेवटपर्यंत दोन गटांत वाढवून केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ टक्के कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं निघालं, दुसऱ्याचं ११.२, आणि सांध्यांचा त्रासही पहिल्या गटात उशिरा सुरू झाला. गोळ्यांबरोबर त्याच आठवड्यांत तुम्ही त्याची पोळी कमी केली असेल, तर त्या नऊ गुणांबद्दल मी वेगळं बोलेन.