हात जोडले नाहीत म्हणून

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस जुंपली आहे. कुणीतरी शाळेतल्या परिपाठाचा व्हिडिओ टाकला आणि झालं सुरू. एक म्हणतो, "हे संस्कार आहेत, यात धर्म कुठून आला?" दुसरा म्हणतो, "देव शाळेच्या गेटबाहेर ठेवा." तिथे मी गप्प बसले. इथे लिहिते.

पाचवीत मी मॉनिटर होते. शाळा जुन्या नाशकातली. प्रार्थना चालू असताना ज्यांचे डोळे उघडे, ज्यांचे हात सुटे, त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची, हे माझं काम. (त्यासाठी माझे डोळे टक्क उघडे असायचे, ते कधी कुणी विचारलं नाही.) माझ्या बाकावरची मैत्रीण ताठ उभी राहायची. बोलणं नाही, हसणं नाही, हात फ्रॉकच्या दोन्ही बाजूंना. तिच्या घरी नमाज होती, हात जोडण्याची रीत नव्हती. तिचं नाव फळ्यावर रोज. बाई काही वाईट नव्हत्या. एकदा त्यांनी जवळ येऊन तिचे हात हलकेच उचलले, एकमेकांना जुळवले आणि पुढच्या रांगेकडे गेल्या. त्या तिथे पोचेपर्यंत हात पुन्हा खाली.

मला प्रार्थना आवडायची, आजही आवडते. ती बंद करा असं मी म्हणत नाही. माझं भांडण त्या फळ्याशी आहे.

राज्यघटनेचं कलम २८ वाचा, छोटंसं आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची, उपासनेची सक्ती नाही; मूल लहान असेल तर पालकांची संमती हवी. आता प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण का, यावर वकील भांडतात. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवलं ते त्याच वादातून. ते वकिलांनी बघावं. सक्तीचं काय, ते मात्र आपल्या नाशिकच्याच एका प्रकरणात ठरून गेलंय, आणि ग्रुपवरच्या एकालाही ते आठवलं नाही. इथल्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेत हात जोडत नसत, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. हात जोडायला भाग पाडता येणार नाही.

त्याआधी १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली मुलं. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर हे चालतं, तर आपल्या परिपाठातल्या प्रार्थनेचं एवढं काय घेऊन बसलोय?

"एकाला सूट दिली की सगळेच मागतील," असंही ग्रुपवर आलंय. मागू देत. चाळीस पोरांत दोघं हात खाली ठेवून उभी राहिली तर प्रार्थनेचा सूर बिघडत नाही. बिघडलाच तर तो पेटीचा दोष.

मागच्या महिन्यात भद्रकालीत भाजी घेताना ती भेटली. मी धीर करून फळ्याचा विषय काढला, माफी मागितली. ती खो खो हसली. "हातांचं सोड गं," म्हणाली, "माझ्या नावातला 'झ' तू वर्षभर 'ज' लिहीत होतीस."