निकेल क्लोराइड म्हणजे खेळायचं हिरवं मीठ नव्हे

भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, करून बघू का?" फॉरवर्डचं म्हणणं असं: स्टीलच्या भांड्यांत निकेल असतंच, म्हणून निकेल क्लोराइड निरुपद्रवी; त्याचे हिरवे खडे तव्यावर तापवून पिवळी 'शुद्ध' पूड करा, चमचाभर झाडांना घाला, घरीच निकेलचा मुलामा चढवा. कोणाच्याही हातात हे पडतंय, याचा मला संताप येतो.

आधी स्टील, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. भांड्यातलं निकेल धातूच्या रूपात, लोखंड आणि क्रोमियममध्ये घट्ट बसलेलं असतं. निकेल क्लोराइड पाण्यात पडताच विरघळतं आणि निकेलचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मोकळे होतात. त्याने काय होतं, ते संडरमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1988 साली नोंदवून ठेवलंय. धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात पिण्याच्या पाण्यात निकेल सल्फेट आणि निकेल क्लोराइड मिसळलं. 32 कामगार ते पाणी प्यायले. 20 जणांना मळमळ, उलट्या, जुलाब, डोकेदुखी, धाप असे त्रास झाले. 10 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पुढे सगळे बरे झाले, पण त्रास झालेल्यांच्या पोटात गेलेलं निकेल होतं प्रत्येकी अंदाजे 0.5 ते 2.5 ग्रॅम. हिरव्या खड्यांत वजनाच्या जवळपास पाव भाग निकेल असतं. म्हणजे 5 ग्रॅमच्या एका चमच्यात 1.2 ग्रॅम!

तापवायचा सल्ला तर याहून वाईट. खडे पिवळे पडतात हे खरं, कारण त्यांतलं पाणी निघून जातं. पण उघड्यावर तापवलं की पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफही सुटते आणि थोडं क्लोराइड बिघडतं, त्यामुळे 'शुद्ध' काही हाती लागत नाही. प्रयोगशाळेत निर्जल क्लोराइड हवं असेल तर हायड्रोजन क्लोराइड वायूच्या प्रवाहात किंवा थायोनिल क्लोराइड हे रसायन वापरून करतात. आणि ती पूड खरवडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. निकेलच्या संयुगांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. फुप्फुसाचा आणि नाकाच्या पोकळ्यांचा कर्करोग.

झाडांना निकेल लागतं, एवढं मान्य करावं लागेल. युरियाचं विघटन करणाऱ्या युरिएज या विकरात ते असतं. पण लागतं ते अत्यल्प, आणि तेवढं मातीत बहुधा असतंच. चमचाभर घातलं तर झाडाला विषबाधा होईल.

मुलामा हा निकेल क्लोराइडचा खरा उपयोग. विजेने निकेलचा मुलामा चढवायच्या नेहमीच्या द्रावणात, म्हणजे वॉट्सच्या द्रावणात, निकेल सल्फेट आणि बोरिक आम्लासोबत क्लोराइड घालतात, त्याने ॲनोड, म्हणजे धन टोकाला जोडलेला निकेलचा तुकडा, नीट विरघळतो. तिथे हातमोजे आणि हवा खेचणारी यंत्रणा असते. घरी उघड्या हातांनी केलं आणि निकेलची ॲलर्जी जडली, तर ती सहसा जन्मभर राहते.

फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय, उरलेलं द्रावण मोरीत ओता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.07 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकेल नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबाने हा एक चमचा 17 हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो.