पोफळीची गोष्ट वेगळी

आपत्तीनंतर घरं खर्च आखडतात, पैसा हाताशी ठेवतात, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं. पण आमच्या श्रीवर्धनकडे थोडं वेगळंही झालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेही ऐन लॉकडाऊनमध्ये. दुपारभरात वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मधोमध मोडून पडल्या. भात गेलं तर पुढच्या पावसात पुन्हा लावता येतं; पोफळीला फळ धरायलाच ५-६ वर्षं जातात. तोवर खायचं काय? काकांनी निम्म्या वाडीत रोठ्याची (आमच्याकडच्या सुपारीची) रोपं लावलीच नाहीत, केळी लावल्या. (केळही वाऱ्याला टिकत नाही म्हणा, पण पडली तर वर्षाचंच नुकसान.) लोक म्हणाले, बापजाद्यांची वाडी मोडली. मला तरी काकांचं चुकलं असं वाटत नाही. भरपाई मिळाली ती पडलेल्या झाडांची, मधल्या रिकाम्या वर्षांची नाही.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. तेव्हापासून आई मे लागला की सातबारा, पासबुकं, आधारकार्डं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसते. गणपतीपर्यंत ती तिथून काढू देत नाही. परवा बँकेत पासबुक हवं होतं, तर आधी पायलीभर तांदूळ उपसावे लागले.