टँकरच्या खेपा कोण मोजणार?

गावपातळीच्या बातमीदारीला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न एका लेखात वाचला; तो रास्त आहे. आमच्या मराठवाड्यात तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा तुटपुंज्या मानधनावर असतो, वर पुरवणीसाठी जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कामावर तो लिहिणार कसा? खरी गोम इथे आहे. वाचकांना गावची बातमीच नको असते, असं कुणी म्हणेल, तर ते मला मुळीच पटत नाही.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा देशभरचे कॅमेरे तिथे होते. पण टँकर वस्तीवर खरंच येतो का, कागदावर खेपा किती दाखवल्या, पीकविम्याच्या यादीतून कुणाची नावं गळाली, हे गावातलाच माणूस धसास लावू शकतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, ग्रामसभा आहे. मात्र कागद मागणाऱ्याला त्याच गावात राहायचं असतं, हे शहरातून सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

व्हॉट्सॲपवर बातमी मिनिटात फिरते, तपासत कुणीच नाही. पाच-दहा गावांनी वर्गणी काढून एक बातमीदार नेमावा, जमाखर्च सगळ्यांसमोर मांडावा. असं कुणी उभं करत असेल तर माझी वर्गणी आजच घ्या.