माळावर गाडी घालायला मी येणार नाही

परवा रात्री आमच्या फोर-बाय-फोरवाल्यांच्या (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या असलेल्यांच्या) ग्रुपवर पुढच्या शनिवारचा बेत ठरला. सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या बाजूला जायचं, रात्री हुरडा खायचा आणि मग "माळावर जरा गाड्या पळवू, थंडीत मजा येते." लगेच पंधरा-वीस जणांनी अंगठे दिले. मी लिहिलं, मी येणार नाही. तेव्हापासून फोन चालू आहेत. ताई, काय बिनसलं? ताई, चांदोलीला तर तुम्हीच सगळ्यांच्या पुढं होता की! प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच सगळं लिहिते.

चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत मी पुढं होते, खरंय. सहा गाड्या, सतरा माणसं, त्यात चार पोरं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली, शिराळा करत वारणावतीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मुक्काम उद्यानाबाहेर, एका शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून. शेवटचा अर्धा किलोमीटर ओढ्यातून होता आणि तिथं गाडीचं खरं काम पडलं. तीन गाड्या फोर-लो (सगळ्यात संथ, पण जोरकस गिअर) टाकून सावकाश निघाल्या, चौथी रुतली. नव्यानं आलेल्या एका दादांनी ओढायचा पट्टा मागच्या टो-बॉलला अडकवायला घेतला, तेव्हा मी जोरात ओरडले. ते नंतर नाराज झाले. पण तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. रुतलेल्या गाडीचा झटका बसून तो तुटला तर गोळीसारखा येतो, माणूस जाग्यावर जातो. पट्टा चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्क्या केलेल्या हुकालाच लावायचा आणि तो ताणलेला असताना आसपास कुणी उभं राहायचं नाही. यात मी कुणाचं मन राखणार नाही.

आणि थंडी! आपण सोलापूरची माणसं. बेचाळीस अंश अंगवळणी पडलेले, पण दहा अंशाला आपल्याला काही कळत नाही. पहिल्या रात्री मी अंगावर तीन चादरी घेतल्या आणि खाली एक पातळ चटई. मध्यरात्री पाठ अशी गारठली की हाडात कुणी पाणी ओतलंय वाटावं. वरून कितीही पांघरा, जमीन खालून ऊब ओढून घेते. दुसऱ्या रात्री दोन चादरी खाली घातल्या, एकच वर घेतली आणि सकाळपर्यंत कूस बदलली नाही. आपली सोलापुरी चादर जाड असते, विणीत हवा धरून ठेवते, ती खाली अंथरायलाच जास्त कामाची. शेजारच्या तंबूत वारा येतो म्हणून सगळ्या चेन बंद केल्या होत्या. पहाटे त्यांच्या श्वासाचंच पाणी होऊन छतावरून टपटप गळत होतं, पोराची उशी ओली. वरची झडप थोडी उघडी ठेवायचीच. एका काकांना तंबूत निखाऱ्याची शेगडी न्यायची होती, ती मी हातातून काढून घेतली. बंद तंबूत कोळशाचा जो वायू साठतो त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. हे प्रत्येक थंडीत सांगावं लागतं, मी सांगत राहणार.

(दुपारच्या उन्हात टायरमध्ये मोजून हवा भरली असेल तर पहाटे परत बघा. साधारण साडेपाच अंश उतरले की टायरचा दाब एक पीएसआयनं कमी होतो.)

दुसऱ्या दिवशी आमच्या सहाही गाड्या गावात लावल्या आणि उद्यानात स्थानिक माणसाच्या गाडीतून, गाईड घेऊन गेलो. तेव्हा कुरकुर झाली. एवढे लाख घालून गाडी घेतली, ती काय गावात उभी करायला? बाहेरच्या देशांत तर लोक स्वतःची गाडी घेऊन नॅशनल पार्कात तंबू ठोकतात.

ठोकतात, बरोबर आहे. पण दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर १९ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. आपलं चांदोली ३१७ चौरस किलोमीटर. त्यात वाघ, गवे, रानकुत्री, शेकरू, वसंतसागर जलाशयाचं पाणी आणि सह्याद्रीचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं. जागतिक वारसा म्हणून २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा निवडल्या गेल्या त्यात चांदोली आहे. सड्यावर जांभ्या खडकावर माती असते बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. पावसाळ्यात जी फुलं बघायला आपण कासला रांगा लावतो, तसल्याच फुलांचं बी थंडीत या बोटभर मातीत पडून असतं. त्यावरून दोन टनांची गाडी न्यायची? आणि जिथं गाड्या नेऊ देतात तिथंही मोकळं रान नसतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या अल्पाईन नॅशनल पार्कमध्ये फोर व्हील ड्राईव्हचे कितीतरी रस्ते तिथल्या हिवाळ्यात, जूनपासून काही महिने, फाटक लावून बंद ठेवतात. ओल्या रस्त्यावर चाकं फिरली की तो रस्ता धुपून जातो. तिथले गाडीवाले ते पाळतात आणि तरी गाड्यांवर आपल्याइतकंच प्रेम करतात.

आता नान्नजचं.

ग्रुपवर एकानं लिहिलंय, "ताई, तिथं आहेच काय, नुसता माळ." हे वाक्य मला लागलं. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. पाऊस नुकताच संपला होता, एका गावाच्या गायरानात आम्ही चार गाड्या घातल्या. अभयारण्य नव्हतं, कुणी अडवलं नाही. तासभर गोल गोल फिरलो, फोटो काढले. मागच्या महिन्यात त्याच वाटेनं चालत गेले. दोन्ही बाजूंना पवन्या आणि कुसळी गुडघ्याएवढी वाळून पिवळी झालेली, आणि मधे आमच्या चाकोऱ्या, गवताचं एक पातं नाही. उताराला दोन पावसाळ्यांचं पाणी त्या चाकोरीतूनच वाहिलं, तिथं आता हातभर खोल घळ पडलीय. तळाशी नुसता मुरूम उघडा. मेंढरं घेऊन एक मामा उभे होते. मी विचारलं, ही वाट कधीची? म्हणाले, "आमच्या मेंढरांनी वाट पाडायला धा वरसं लागत्यात बाई. ही गाड्यांनी एका संध्याकाळी पाडली." त्या गाड्या आमच्या होत्या हे मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मेंढरं वळवून निघून गेले.

माळाला आपण सरकारी कागदात पडीक म्हणतो आणि मग मनातही तसंच धरतो. झाडं नाहीत म्हणजे काही नाही. माळढोकासाठी आपल्या जिल्ह्यात १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते याच गवतासाठी. आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून १,२२२ वर आणलं. ज्या पक्ष्याच्या नावानं ते उभं राहिलं तो दिसला तर आज बातमी होते. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक एकच. घरटं नाही, आडोसा नाही.

कुणी म्हणेल, तो पावसाळ्यात अंडी घालतो, आपण थंडीत जातोय. मग थंडीत माळावर कोण असतं ते ऐका. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मुलखातून इथं येतात. दिवसभर गवतावरून खाली तरंगत टोळ-नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर बसत नाहीत. जमिनीवर, उंच गवतात, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून झोपतात. अंधारात गवतातून गाडी नेणारा नेमका त्यांच्या अंगावरून जातो. रातवा हा रात्रीचा पक्षी तर मातीच्या वाटेवरच बसतो. दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे लाल चमकतात आणि तो दिपून तसाच बसून राहतो. लांडग्यांची पिल्लं साधारण याच दिवसांत ओढ्याकाठच्या बिळात असतात. बिळाजवळ एक रात्र गोंगाट झाला तरी मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवते. काळविटांचे कळप दिव्यांच्या झोतात सैरावैरा धावतात, मग कुंपणाच्या तारेत अडकतात. हे सगळं आपल्या अर्ध्या तासाच्या मजेसाठी.

शिवाय आग. जानेवारीतलं गवत म्हणजे काडेपेटी. शेतातली हुरड्याची आगटी वेगळी. खड्डा खणलेला असतो, भोवती नांगरट किंवा ओली माती, त्यात गोवऱ्यांचा नुसता विस्तव, कणसं राखेत खुपसायची, जाळ होऊ द्यायचा नाही. माळावर वाऱ्यात लाकडं पेटवून कॅम्पफायर करायचा म्हटलं की एक ठिणगी पुरते. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

माझा गाडीवर राग नाही. स्टिअरिंग हातात आलं की मला जो आनंद होतो तो घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण फोर-बाय-फोर वाईट रस्ता पार करायला असते, रस्ता सोडायला नसते. ज्यांना चिखल, चढ, खड्डे हवेत त्यांनी एखाद्या शेतकऱ्याशी बोलून त्याच्या नापीक तुकड्यावर, भाडं देऊन, दिवसाउजेडी खेळावं. मी स्वतः येईन आणि पट्टे घेऊन येईन.

तर शनिवारचा माझा बेत असा. मंगळवेढ्याजवळ माझ्या माहेरच्या रानात मालदांडी ज्वारी हुरड्यात आलीय. गाड्या खळ्यावर लावायच्या, आगटी बाबा लावतील, शेंगाचटणी आणि दही आहे. तंबू बांधाच्या आडोशाला. बायकांसाठी घराचं न्हाणीघर मोकळं आहे, त्यामुळं चांदोलीसारखी अडचण होणार नाही. पहाटे चारला निघून डांबरी रस्त्यानं नान्नज, फाटकाशी गाड्या उभ्या करून वनखात्याच्या माणसाबरोबर चालत आत. दव असेल, बूट भिजतील, जादा मोजे घ्या. चादरी माणशी तीन आणा, दोन खाली घालायला. कोण कोण येणार ते शुक्रवारपर्यंत सांगा, भाकरी किती थापायच्या ते आईला कळवायचंय.