बारसूच्या वादात नायजेरिया आणताय, तर पूर्ण आणा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसू-सोलगावला होऊ घातलेल्या तेल रिफायनरीचा विषय पेटला की मला दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. विरोधातली मंडळी नायजेरियातल्या तेलाच्या पट्ट्याचे, म्हणजे नायजर डेल्टाचे फोटो पाठवतात, काळं पाणी, मेलेले मासे, धुरानं भरलेलं आभाळ, आणि खाली ओळ असते 'उद्याचं कोकण'. बाजूनं बोलणारे अबूधाबी नाहीतर दुबईचे फोटो पाठवतात, तेलानं वाळवंटाचं काय केलं बघा आणि आपण आंबा-काजू धरून बसलोय. मी बरीच वर्षं नायजेरियात आहे, आधी डेल्टातल्या पोर्ट हारकोर्टला होतो, आता लागोसला, काम पॅकेजिंगच्या कंपनीत त्यामुळे तेलाशी थेट काही देणंघेणं नाही, आणि आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की मी त्यांच्या बाजूनं साक्ष द्यावी. 'तू तिथंच राहतोस ना, मग सांग की यांना' असं मामेभावाचं म्हणणं. तर सांगतो, पण मला जे दिसलं ते दोन्ही फोटोंमध्ये नाहीये.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डेल्टाची वाट लागली ती रिफायनरीमुळे नाही. ती लागली तेलविहिरी, गावांमधून आणि खाड्यांमधून नेलेल्या जुन्या पाइपलाइनी आणि विहिरीतून तेलाबरोबर येणारा गॅस तिथल्या तिथे जाळून टाकणं, यामुळे. रिफायनऱ्यांचं इथलं दुखणं वेगळंच आहे, पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथल्या सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं जवळजवळ बंद पडून होत्या आणि आफ्रिकेतला एक सगळ्यात मोठा तेल उत्पादक देश स्वतःच्या गाड्यांसाठी पेट्रोल बाहेरून आणत होता. २०२४ मध्ये लागोसजवळ लेक्कीला उद्योगपती दांगोतेंची रोज साडेसहा लाख बॅरलची रिफायनरी चालू झाली तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. त्यामुळे इथल्या तेलगळतीचा फोटो लावून 'रिफायनरी आली की असं होतं' म्हणणं बरोबर नाही, आणि उद्या कोणी ते खोडून काढलं तर आपलीच खरी बाजू लंगडी पडते.

पण म्हणून समर्थकांनी खूश होण्यासारखंही काही नाही, कारण इथे जे घडलं त्याचं मूळ बघितलं तर ते आपल्याकडे सहज घडू शकतं.

बायेल्सा राज्यातल्या ओलोइबिरी नावाच्या गावात १९५६ साली शेल-बीपी या परदेशी कंपनीला तेल लागलं, १९५८ मध्ये पहिलं तेल निर्यात झालं. आणि प्रकल्प करण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासलं पाहिजे असा कायदा देशात आला कधी, तर १९९२ ला! म्हणजे तेल लागल्यापासून ३६ वर्षं. तोपर्यंत हजारो किलोमीटर पाइपलाइन टाकून झालेली, विहिरी खणून झालेल्या, आणि त्याआधी खाडीचं पाणी कसं होतं, विहिरीच्या पाण्यात काय होतं, मासा किती मिळायचा याची पद्धतशीर नोंद नाही. म्हातारी माणसं सांगतात की आमच्या लहानपणी खाडीत उतरलं की मासा पायाला लागायचा, पण म्हाताऱ्या माणसाचं सांगणं कोर्टात चालत नाही, कोर्टाला कागद लागतो. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं. नुकसान झालं हे सगळ्यांना दिसतंय, पण किती झालं आणि कोणी केलं हे सिद्ध करायचा भार ज्याचं गेलं त्याच्यावर आहे.

बोडोचं उदाहरण घ्या. डेल्टातल्या ओगोनी जमातीच्या भागातलं खाडीकाठचं गाव, आमच्या जुन्या ऑफिसातला एक सहकारी तिथला. २००८ मध्ये गावाजवळून जाणाऱ्या शेलच्या पाइपलाइनमधून दोनदा मोठी गळती झाली, आठवडेच्या आठवडे तेल खाडीत जात राहिलं. पहिल्या गळतीत किती तेल सांडलं, तर पाहणी अहवालात आकडा आला १६४० बॅरल. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेनं नंतर स्वतंत्र तज्ज्ञाकडून हिशोब करून घेतला तर तो एक लाख बॅरलच्या वर गेला. एवढा फरक कसा पडतो? तर इथे गळती झाली की कंपनीची माणसं, सरकारी खात्याची माणसं आणि गावातले प्रतिनिधी मिळून पाहणी करतात, पण जागेवर जायला बोट कंपनीची, यंत्रं कंपनीची, जाणकार कंपनीचे. आणि कारणाच्या रकान्यात 'घातपात' असं लिहिलं गेलं की नुकसानभरपाईचा प्रश्नच संपतो. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच हातात पंचनामा.

गावकरी शेवटी लंडनच्या कोर्टात गेले, सात वर्षांनी, २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली, त्यातले साडेतीन कोटी सुमारे १५,६०० लोकांमध्ये वाटले गेले आणि उरलेले गावासाठी. पैसा आला हे खरंय. पण माझा सहकारी सांगायचा की त्याची आई ओहोटीला चिखलात उतरून तिवरांच्या मुळांमधून गोगलगायी वेचायची आणि बाजारात विकायची, त्यावर पोरांच्या फिया भरल्या गेल्या, ते बंद झालं ते झालंच. आपल्याकडे राजापूर-विजयदुर्गच्या खाडीत बायका कालवं, मुळे अशा शिंपल्या काढतात ना, अगदी तेच काम. त्या बाईचा धंदा कुठल्या सातबाऱ्यावर नसतो, त्यामुळे भरपाईच्या यादीत तिचं नाव कोण घालणार? बारसूच्या चर्चेत एकरी किती भाव मिळणार यावर तासन् तास वाद होतात, जमीन नसलेल्या आणि खाडीवर जगणाऱ्या माणसाबद्दल मी फार कमी ऐकलंय.

ओगोनी लोक याविरुद्ध बोलले नाहीत असं नाही, उलट फार आधी आणि फार शांतपणे बोलले. लेखक केन सारो-विवा यांच्या पुढाकारानं १९९० मध्ये संघटना झाली, जानेवारी १९९३ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, शेलला ओगोनी भागातून उत्पादन थांबवावं लागलं. आणि १० नोव्हेंबर १९९५ ला आबाचा यांच्या लष्करी सरकारनं सारो-विवा आणि आणखी आठ जणांना फाशी दिली. जगभर निषेध झाला, कॉमनवेल्थनं नायजेरियाला निलंबित केलं, पण ते नऊ लोक गेले. आणि मग २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ओगोनीचा अहवाल दिला. ओगाले भागातल्या एका वस्तीत पिण्याच्या पाण्यात बेंझीन हे विषारी रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींपेक्षा जास्त निघालं आणि लोक तेच पाणी पीत होते! पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील असं त्यात म्हटलंय, आणि सफाईची सरकारी सुरुवात व्हायला पुढे पाच वर्षं गेली.

कायदा नाही म्हणून हे झालं असंही नाही. गॅस जाळण्याविरुद्धचा कायदा १९७९ मध्येच आला आणि १९८४ पासून परवानगीशिवाय गॅस जाळणं बेकायदा आहे. आज रात्री डेल्टावरून विमानानं या, खाली ज्वाळा दिसतात. त्यामुळे आपल्याकडे कोणी टीव्हीवर 'सगळे नियम पाळूनच प्रकल्प होईल' असं म्हटलं की मला धीर येत नाही. नियम कोण तपासणार, तपासल्यावर कुठे छापणार आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी काय होणार हे सांगा.

पोर्ट हारकोर्टला असताना, २०१६ च्या शेवटापासून, हवेत काजळी यायला लागली. सकाळी फरशीवर अनवाणी चाललं की तळवे काळे, दोरीवरचे कपडे काळे, मुलीचं नाक पुसलं की रुमाल काळा. तेव्हा ती लहान होती आणि रात्रभर खोकायची, आम्ही दारंखिडक्या बंद करून बसायचो. लागोसला बदली मागून घेतली त्याचं मोठं कारण हेच, पण बदली मागायची सोय सगळ्यांना नसते. ही काजळी बऱ्याच अंशी जंगलात चालणाऱ्या चोरट्या भट्ट्यांची, पाइप फोडून तेल काढायचं आणि ड्रममध्ये उकळून डिझेल करायचं. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यात अशाच एका ठिकाणी स्फोट होऊन शंभरावर माणसं मेली. त्या पोरांना चोर म्हणून मोकळं होता येतं आणि चोरी ती आहेच, पण खाडीत मासा नाही, शेतात तेल, कंपनीत नोकरी बाहेरच्यांना, आणि दारावरून रोज लाखो बॅरल वाहतंय, मग पंचविशीतला पोरगा काय करेल? 'स्थानिकांना नोकऱ्या' हे वाक्य इथेही साठ वर्षं बोललं जातंय.

आणि पैसा गेला कुठे हे विचाराल तर राज्यघटनेनुसार तेलाच्या उत्पन्नातला किमान १३ टक्के वाटा तेल देणाऱ्या राज्यांना मिळतो, डेल्टासाठी २००० सालापासून वेगळं महामंडळ आहे, कागदावर सगळं आहे. गावात दवाखाना नाही. मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी पेट्रोलची सबसिडी काढली, लिटरला दोनशे नायराच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या आसपास आणि पुढच्या वर्षी हजाराच्या घरात गेलं, आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे इथं दुकान, सलून, दवाखाना सगळं जनरेटरवर चालतं म्हणजे पेट्रोलवरच. आमच्या कारखान्यातले कामगार तेव्हा दोन-दोन स्टॉप चालत यायला लागले, काहींनी जेवणाचा डबा आणणं बंद केलं. तेल असलेल्या देशात हे चाललंय.

आता आपल्याकडे या. आपल्याला नायजेरिया बघायला विमानात बसायची गरज नाही, चेंबूरचं माहूल आहे. दोन रिफायनऱ्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन ठेवलं, आणि २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की हवा अशी असताना लोकांना तिथे राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घर द्या नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. बारसूच्या बाजूनं बोलणाऱ्या एकाही माणसाकडून मी माहूलचं नाव ऐकलेलं नाही. त्यांनी आधी माहूलचं उत्तर द्यावं आणि मग दुबईवर यावं.

मी स्वतः कायमचा विरोधक नाही. कोकणातल्या वाड्या म्हाताऱ्या माणसांवर चालल्यात, पोरं मुंबईला आणि माझ्यासारखी आणखी लांब, हे मला कळतं आणि टोचतं. पण एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी एवढा पोलीस बंदोबस्त लावून, बायकांना उन्हात फरफटत नेऊन जी सुरुवात झाली ती बघून मला फार भीती वाटली, कारण पहिल्याच पायरीला ज्यांचं ऐकलं जात नाही त्यांचं गळती झाल्यावर कोण ऐकणार. ज्या सड्यावर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली कातळशिल्पं आहेत तिथं घाई कसली?

माझं म्हणणं एवढंच की हो किंवा नाही म्हणायच्या आधी, आजच, प्रकल्पाची एक वीट लागायच्या आत, त्या भागातल्या प्रत्येक वाडीतल्या विहिरीचं पाणी, खाडीतला चिखल, मासा, आंब्याच्या बागेतली माती तपासून घ्या, कंपनीशी आणि मंत्र्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडून, आणि रिपोर्ट मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. प्रकल्प नाही आला तरी ती माहिती वाया जात नाही. मुंबईतली कोकणी मंडळं आणि आम्ही बाहेरची माणसं पैसे जमवून हे करू शकतो, कोणाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. खाडीवर जगणाऱ्यांची नावनिशीवार यादी करा, जमीन असो नसो. आणि सफाईचे पैसे आधी बँकेत ठेवून घ्या, ते काढायचा अधिकार कंपनीकडे नको.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय. शेलनं मार्च २०२५ मध्ये डेल्टातला आपला जमिनीवरचा धंदा, म्हणजे विहिरी, पाइपलाइनी असलेली स्थानिक कंपनीच, दुसऱ्या एका गटाला विकून टाकली. ओगाले आणि बिल्ले इथल्या लोकांचा तेलगळतीबद्दलचा शेलविरुद्धचा खटला तेव्हा लंडनमध्ये चालूच होता.