“घरच्या धंद्याला काही लागत नाही” हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

आमच्याकडे सिंधुदुर्गात मिरग जवळ आला आणि आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटल्या भरायला घेतल्या की बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. “घरून खाद्यपदार्थ विकायला परवाना लागत नाही. उद्योग आधार काढलं की झालं. चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही. पण घरच्या लाइटवर धंदा केला तर मीटर कमर्शियल करावाच लागतो. ग्रामपंचायतीचा काही संबंध नाही.” यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही. जिथे नियम आहे तिथे हा मेसेज बायकांना निर्धास्त करतो आणि जिथे सवलत आहे तिथे घाबरवतो.

शेजारच्या मावशीने तो मला दाखवला, तेव्हा तिच्या पडवीत रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं पसरलेली होती. रसाचं तिसरं पुट देऊन झालं होतं आणि हात कोपरापर्यंत लाल. “ह्या खरा काय गो? मग माका कागद कित्याक होये?” तिला हा प्रश्न पडला, कारण आदल्याच आठवड्यात महामार्गावरच्या एका दुकानदाराने तिच्या आमसुलाची पाकिटं परत पाठवली होती. माल चोख होता, पण लेबलवर नोंदणी नंबर नव्हता.

मेसेजमधलं परवान्याचं वाक्य फसवं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम ३१ मध्ये स्वतः पदार्थ करून विकणाऱ्या छोट्या माणसाला आणि घरगुती उद्योगाला परवान्यातून सूट आहे. पण त्याच कलमात लगेच पुढे म्हटलंय की अशांनी नोंदणी करायलाच हवी. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंतची उलाढाल नोंदणीत बसवली, आणि फी ठेवली वर्षाला १०० रुपये. आंबापोळीच्या एका पाकिटाच्या आसपासची रक्कम आहे ही! फोटो, ओळखपत्र आणि धंद्याची माहिती एवढ्यावर अर्ज ऑनलाइन होतो.

नोंदणीच्या नियमांत अर्जदाराच्या बाजूची एक तरतूद आहे, ती मी भेटेल त्या बाईला सांगते. अर्ज गेल्यावर अधिकाऱ्याने ७ दिवसांत नोंदणी द्यायची, लेखी कारण देऊन नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस काढायची. ७ दिवसांत यातलं काहीच केलं नाही, किंवा तपासणी काढूनही ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर छोट्या उत्पादकाला धंदा सुरू करता येतो. त्यामुळे “साहेबांकडे ओळख आहे” म्हणून हजारांत पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. अर्जाची पावती मात्र जपून ठेवा.

नोंदणी झाली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. स्वच्छतेचे नियम लागू राहतात: पिण्याजोगं पाणी, झाकलेली भांडी, स्वयंपाकघरात गुरं-मांजरं नकोत. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, तारीख, किंमत, पत्ता, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि नोंदणीचा तो १४ आकडी नंबर लागतो. आमसुलाच्या घटकांत मीठ लिहायला बायका हमखास विसरतात.

उद्योग आधारवरून तर मेसेजचं वयच कळतं. १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी उद्यम नोंदणी आली. ती फुकट आहे आणि कर्जाच्या, योजनांच्या वेळी उपयोगी पडते, जरूर करा. पण उद्यम ही तुमच्या उद्योगाची ओळख आहे. पदार्थ विकण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही.

जीएसटीचं वाक्य मुंबई-पुण्याला माल पाठवणाऱ्यांपुरतं चालेल. महाराष्ट्रात मालासाठी ४० लाखांची मर्यादा आहेच. पण आपण सिंधुदुर्गात राहतो. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली की गोवा, म्हणजे दुसरं राज्य. म्हापशाच्या दुकानाला लोणच्याच्या बरण्या पाठवल्या की ती आंतरराज्य विक्री होते, आणि करपात्र माल असा पाठवणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागते. मुंबईला पाचशे किलोमीटरवर माल गेला तर लागत नाही, आणि तासाभरावरच्या गिऱ्हाइकाला पाठवला तर लागते. हे माहीत नसल्यामुळे अडचणीत येण्याची शक्यता आपल्याच भागात सर्वांत जास्त आहे.

मीटरच्या वाक्याचा मला खरंच राग येतो, कारण त्या भीतीने बायका मिक्सर-ग्राइंडर घ्यायचं टाळतात. वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात घरगुती वर्गवारीतच ही सोय आहे: राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३६०० युनिटपर्यंत असेल, तर दर घरगुतीच लागतो. हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी होतो. मोठा डीप फ्रीझर किंवा ड्रायर घेणार असाल तर आधी बिलावरचे मागच्या बारा महिन्यांचे युनिट जुळवून बघा आणि सध्याचा दरआदेशही पाहून घ्या.

राहिली ग्रामपंचायत. चुलीवर चार किलो मसाला भाजणाऱ्या बाईच्या घरी कुणी येणार नाही, हे खरं. पण गावची स्वच्छता आणि आरोग्य १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीकडेच दिलेलं आहे. खारं, आंबट पाणी उतारावरून शेजाऱ्याच्या विहिरीकडे गेलं, किंवा काजू भाजल्याचा धूर रोज समोरच्या घरात शिरला, तर तक्रार पंचायतीतच जाणार, आणि ती रास्तच असेल. माझं म्हणणं, सांडपाण्याचा शोषखड्डा आधी खणा आणि घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. कर्जाला गेलात की बँक पत्त्यासाठी तोच मागते.

मावशीचा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी तिच्या मुलाच्या मोबाइलवरून भरला. नंबर आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. परत आलेली पाकिटं तिने फोडली, आमसुलं पुन्हा शेगडीच्या उबेला सुकवली आणि नव्या लेबलांसह त्याच दुकानात पाठवली. या वेळी घटकांत मीठ लिहिलेलं होतं.